गाडी रिकामी गेली

लातूर,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सुकन्या हिस,

काकाचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवरच्या निरोपापुढे निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. कागदावर निळ्या खुणा उमटत नाहीत, तेवढीच तुझी सोय.

आपल्या घराण्यातली तू पहिली डॉक्टर होणार. जळकोट तालुक्यातल्या कोरडवाहू गावातली पोर नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात बसते, याचा मला जितका अभिमान आहे तितका तुझ्या अप्पालाही नसेल. पहिलं वर्ष म्हणजे माणसाच्या शरीराची बाराखडी. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. मी इतिहासाचा मास्तर. पण या तिन्ही विषयांवर जे हाती लागलं ते मी वाचलं. देहदानावर बोलत लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव फिरायचं, तर शरीर ठाऊक नसून कसं चालेल?

एक गोष्ट सांगतो. रोमन साम्राज्याच्या काळात एक मोठा वैद्य होऊन गेला. माणसाचं प्रेत उघडायची सोय नव्हती, म्हणून त्यानं माकडं आणि डुकरं उघडली आणि त्यावरून माणसाचं शरीर लिहून काढलं. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असं त्याचं म्हणणं. तेराशे वर्षं पंडित तेच घोकत राहिले. पुढे प्रेतं उघडायची परवानगी मिळाली, टेबलावर एकसंध जबडा डोळ्यांसमोर पडलेला, तरी वर्गात शिकवायचे ते दोनच हाडं! माणूस डोळे झाकून किती काळ जगू शकतो, त्याचा हा पुरावा. म्हणून तुला सांगतो पोरी, कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस. बघ. स्वतः बघ.

तुमची विच्छेदनाची तासिका सुरू झाली असेल. देहासमोर उभं राहून शपथ घेतात म्हणे, ती झाली का? टेबलं किती असतात? एका टेबलाभोवती किती जण? टेबलावरचे देह कुठून आले, हे तुम्हाला सांगतात का? सहज विचारतो आहे.

तुझी आजी, माझी अव्वा, दसऱ्यानंतरच्या त्या मंगळवारी गेली. तिनं देहदानाच्या अर्जावर स्वतः अंगठा दिला होता. तिचा देह तुझ्याच महाविद्यालयाला गेला. निदान मी तसं भरसभेत सांगितलं आहे.

सविस्तर लिही. तुझ्या अप्पाला हे पत्र दाखवण्याची गरज नाही.

तुझा,
बसवंतकाका


लातूर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सुकन्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार वाक्यं. "अभ्यास चालू आहे. शपथ झाली. खांदा आणि दंड शिकवून राहिले. तब्येतीला जपा."

अव्वाचं नाव नाही. आयुष्यभर भाषणं केली मी. माणूस काय बोलला यापेक्षा त्यानं काय गाळलं, ते मला आधी ऐकू येतं. तू आजीच्या मांडीवर वाढलीस. ती ज्या इमारतीत आहे, त्याच इमारतीत तू रोज जातेस आणि तिच्याबद्दल एक शब्द नाही? तेव्हा सरळच लिहितो.

अव्वा त्या इमारतीत आहे, यावर माझा विश्वास नाही. तुझ्या अप्पानं, चन्नूनं, तिला शेतात पुरलं, असा माझा संशय आहे.

देहदानाला चन्नूचा पहिल्यापासून विरोध. आपल्या लिंगायतांत माणूस आडवा पुरत नाहीत. मांडी घालून बसवायचं, तळहातावर इष्टलिंग ठेवायचं आणि बसल्या जागी समाधी द्यायची. अव्वानं अंगठा दिला त्या दिवशी चन्नू माझ्या तोंडावर म्हणाला होता, "अण्णा, तू सभेत मोठा व्हायसाठी अव्वाला चिरायला देऊन राहिला." हे तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही.

आता त्या मंगळवारचं ऐक. सकाळी चन्नूचा फोन आला. "अण्णा, अव्वा गेली. निघ." मी म्हणालो, येतो. लगेच उदगीरच्या मकबूलभाईंना फोन करून त्यांची शववाहिका गावाकडे पाठवायला सांगितलं. डॉक्टरचा दाखला, महाविद्यालयाला निरोप, सगळं फोनवरून केलं. संध्याकाळी लातुरात माझी सभा होती. खूप आधी ठरलेली, विषय देहदान. ती सोडून जाणं अव्वालाच आवडलं नसतं. मी व्यासपीठावरून सांगितलं, "माझी आई या क्षणी नांदेडच्या वाटेवर आहे. उद्यापासून ती शिक्षिका आहे." सभागृह उभं राहिलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. त्या रात्री जितके अर्ज भरले गेले तितके मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गावाकडे निघालो. वाटेत मकबूलभाईंचा फोन. "साब, तुमची गाडी खालीच गेली, पन—" मी फोन ठेवला. पुढे ऐकण्यासारखं काय उरलं होतं?

गावात पोचलो. घरी जायच्या आधी शेताकडे वळलो, कारण पाय तिकडेच ओढत होते. विहिरीच्या मागे, लिंबाखाली ताजा उंचवटा. सारवलेला. वर विभूती, बेल, झेंडू. फुलं अजून सुकलेली नव्हती.

अंगणात पाय ठेवला तेव्हा सगळी भाऊबंदकी बसलेली. मी एवढंच म्हणालो, "कुठं पुरलीस, ते मी बघून आलो." चन्नू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तू लई हुशार हायस, अण्णा. हुडक मंग." आणि कासंडी उचलून म्हशीकडे निघून गेला. महाविद्यालयाची पोच असेल तर दाखव म्हणालो, तर गोठ्यातूनच ओरडला, "भरोसा न्हाई त्याला कागद कशाला?" तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

निर्दोष माणूस असा बोलतो? तूच सांग.

आता तुझं काम. अव्वाच्या उजव्या करंगळीचं टोक कडबा कापताना गेलं होतं. तू चेहरा बघू नकोस. हात बघ. करंगळी अर्धी दिसली की मला एका ओळीत कळव. नाही दिसली, तर तेही कळव.

बसवंतकाका


लातूर,
१५ डिसेंबर २०२४

चि. सुकन्या,

या वेळी तू लांब लिहिलंस. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर तुझंच आहे. शब्द कुणाचे आहेत, याची खात्री होत नाही.

तू लिहितेस, "माझ्या टेबलावर पुरुष आहे. नवीन आलेला देह लगेच टेबलावर घेत नाहीत, रसायन भरून कित्येक महिने ठेवतात. नात्यातला असेल तर त्या विद्यार्थ्याला जवळही जाऊ देत नाहीत. काका, मी लोकांच्या करंगळ्या तपासत फिरणार नाही. ती माणसं आम्हाला शिकवायला आलीत. मी तिथं शिकायला जाते, हुडकायला नाही."

सुंदर वाक्य. टाळी घेणारं. पण माझ्या प्रश्नाला हे उत्तर झालं का? अव्वा आहे असंही तू म्हणत नाहीस, नाही असंही म्हणत नाहीस. आणि "हुडकायला" हा शब्द! चन्नूनं अंगणात तोंडावर मारला तोच. बाप-लेकीचं रोज बोलणं होतं म्हणायचं.

शेवटची ओळ तर धमकीच. "अप्पांना एकदा विचारा. नुसतं विचारा." विचारलं की मी! भर अंगणात विचारलं.

पण त्याच पत्रात तू स्नायूंबद्दल एक पान लिहिलंस. मी विचारलं नव्हतं, तरी. तुझेच शब्द उतरवतो, म्हणजे मी काही पदरचं घातलं असं व्हायला नको:

"स्नायूत जाड आणि बारीक असे दोन धागे असतात. जाड धाग्याला छोटे छोटे हात असल्यासारखे असतात. ते बारीक धाग्याला धरून ओढतात, की स्नायू आखडतो. मला वाटायचं, शक्ती फक्त ओढायला लागते. पण सरांनी सांगितलं, धरलेलं सोडायलाही लागते. एटीपी नावाचा रेणू येऊन चिकटला तरच पकड सुटते. माणूस गेला की एटीपी तयार होत नाही. पकड बसली की बसली. दोन-चार तासांत जबडा आणि मान ताठ होते, मग हात, मग पाय. दिवस मावळेपर्यंत सगळं शरीर लाकूड होतं, ज्या अवस्थेत ठेवलं त्याच अवस्थेत. नंतर एक-दोन दिवसांनी धागेच कुजायला लागतात, तेव्हा ते आपोआप सैल पडतं."

सुकन्या, हे पान वाचून मी खुर्चीतून उठलो. बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं. तू मला पुरावा पाठवला आहेस.

अव्वा सकाळी गेली. त्या दिवशी अंगणात कानावर आलं, की सकाळीच तिला वसरीवर भिंतीला टेकवून, मांडी घालून दर्शनाला बसवलं. भोकर, नायगाव, उदगीर, सगळीकडचे पाहुणे येईपर्यंत ती तशीच. मकबूलभाईंच्या गाडीला आधी दुसरी फेरी होती. ती गावात पोचली दिवस मावळताना. म्हणजे तोवर अव्वा बसल्या आकारात लाकूड झालेली. शववाहिकेतली पेटी असते आडव्या माणसासाठी. मांडी घातलेला माणूस तिच्यात मावेल कसा? झाकण लागेल कसं? गाडी रिकामी जाणारच होती! आणि बसल्या आकारातला देह कुठं सहज मावतो? समाधीच्या खड्ड्यात.

दिवसभर बसवून ठेवायचं कारण काय होतं? मी फोनवर बजावलं होतं, गाडी येतेय, तयारी ठेवा. चन्नूनं ते केलं नाही. अव्वा ताठ होईपर्यंत थांबला आणि मग जगापुढे हात वर केले: काय करू, बसंना पेटीत! याला मी कट म्हणतो. शिकलेल्या माणसाला सुचणार नाही असा साधा आणि पक्का कट.

तू ते पान मला का पाठवलंस, याचाही मी विचार करतो आहे. मन खात होतं म्हणून? की काका मूर्ख आहे, त्याला काय कळतंय म्हणून?

ब.


लातूर,
२ जानेवारी २०२५

सुकन्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी थांबलो, आता थांबत नाही.

तू मनात म्हणत असशील, काका स्वतः नांदेडला येऊन कार्यालयात का विचारत नाहीत? पोच तर तिथंही असेल. खरं सांगतो. मी तिथं गेलो आणि म्हणालो, "माझी आई इथं आली का हो?" तर संध्याकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांत होईल: देहदानाचा बसवंत मास्तर, स्वतःची आई पोचली की नाही हे याला ठाऊक नाही! ज्यांनी माझ्या शब्दावर अर्ज भरले ते उद्या फाडून टाकतील. जे जंगम, जे पुजारी, जे पुढारी माझ्या सभांवर दात धरून आहेत, ते पेढे वाटतील. मेलेल्या शरीराचा जिवंतांना उपयोग व्हावा, एवढ्या एका विचारासाठी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तो विचार माझ्याच भावानं माझ्याच शेतात गाडला असेल, तर मी तो उकरून काढीन. आणि सगळ्यांसमोर काढीन. आपण होऊन सांगितलं तर ती लढाई ठरते. दुसऱ्यानं शोधून काढलं तर लबाडी.

म्हणून रविवारी, बारा तारखेला, मी गावात येतो आहे. तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे. शेत माझ्याही नावावर आहे. बरोबर कार्यकर्ते असतील, पत्रकार असतील. लिंबाखाली खणू.

परवा चन्नूला तसं कळवलं. अडीच महिन्यांत पहिला फोन. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, उद्या कुणी म्हणायला नको की मी संधी दिली नाही.

मी म्हणालो, "बारा तारखेला माणसं घेऊन येतोय. वावर खणणार."

"ये की. वावर तुझंबी हाय."

"अव्वाला बसवून ताठ होऊ दिलंस आणि गाडी रिकामी लावून दिलीस. मला सगळं कळलंय."

"कळलंय तर फोन कशाला केला?"

"तुझ्या तोंडून ऐकायला."

पलीकडून म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला. मग म्हणाला, "अण्णा, तू इचारून राहिला का सांगून राहिला?"

"सांगतोय."

"मंग झालं की. पत्रकारायला च्या लागंल का तेवढं बोल. म्हस आटलीय, दूध आणून ठिवावं लागंल."

हा निगरगट्टपणा बघ! आईची समाधी उकरायची वेळ आली आणि याला चहाची चिंता.

तुला शेवटचं लिहितो. बारा तारखेच्या आत तुझ्याकडून खरं कळलं, तर निदान तुझं नाव यातून बाहेर ठेवता येईल. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही. उद्या मी उदगीरला मकबूलभाईंकडे जातो आहे. "गाडी रिकामी गेली" हे त्यांच्या तोंडून चित्रफितीत घेतो. पत्रकारांना पुरावा लागतो.

बसवंत


लातूर,
५ जानेवारी २०२५

सुकन्या बाळ,

उदगीरहून आलो. दोन दिवस लेखणी हातात घेतो आणि ठेवतो.

मकबूलभाई गॅरेजपुढं गाडी धूत होते. माझ्याच वयाचे, दाढी पांढरी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला बघून म्हणाले, "या साब. आज फोन ठेवायची सोय न्हाई, समोरच हाय मी." मी हसलो नाही. स्टुलावर मोबाईल उभा केला आणि सांगितलं, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून बोला, मी मध्ये बोलणार नाही, आवाजात आवाज मिसळला की चित्रफीत वाया जाते.

"पयलं हेच सांगतो," ते म्हणाले, "गाडी खालीच गेली."

मी मान हलवली. हवं ते मिळालं होतं.

"पन गेली नांदेडलाच."

मी तोंड उघडलं. त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. मी मिटलं.

पुढचं त्यांचं बोलणं मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. जमेल तसं उतरवतो.

"मी पोचलो तवा दिवस बुडून राहिला व्हता. अम्मा वसरीवर बसलेल्या. सकाळधरनं तशाच. मी म्हनलं, लई येळ ठिवलं की हो बसवून. तर तुमचा भाऊ म्हनला, अण्णा येतो म्हनलाय. लातूर काय लांब हाय, येईलच. त्याला बघू द्या, मंग आडवं करू. माझ्यासमोर फोन लावून राहिला तुम्हाला. लागतच न्हवता."

माझा फोन बंद होता, सुकन्या. मी व्यासपीठावर होतो.

"मंग उचलायला गेलो तर काय, पाय सुटंनात. मांडी तशीच. पेटीत कशा बसायच्या? कुनीतरी म्हनलं, गुडघे दाबा, मोडले तर मोडले, मेलेल्याला काय दुखतंय. तुमच्या भावानं त्याला असं ढकललं, की पायरीवर जाऊन आपटला तो. मंग सगळे म्हनायला लागले, चन्नू, देवाचीच मर्जी हाय, खड्डा तर सकाळीच खणून ठिवलाय आपुन, अव्वा बसलेलीच हाय, चला. बायकाबी म्हनल्या, चला. मी मनात म्हनलं, मकबूल, तुझं काम झालं, घर गाठ."

मकबूलभाईंनी नळ बंद केला.

"तुमचा भाऊ काय उठंना. अम्माच्या तोंडाकडं बघत बसला. लई येळानं म्हनला, मला ह्ये पटत न्हाई. आजबी न्हाई. पन तिनं अंगठा दिलाय. मंग माझ्याकडं वळून म्हनला, मकबूलभाई, माझ्या बोलेरोच्या फुडल्या सीटवर बसंल का वो माझी अव्वा?"

"बसल्या, साब. मापाच्याच असल्यावानी. पट्टा लावला. तळहातावर तुमचं ते लिंग तसंच. मागं तुमच्या भावाच्या घरच्या बसल्या, अम्माच्या खांद्याला धरून. मी माझी खाली गाडी घिऊन फुडं, वरचा दिवा लावून, म्हंजे वाटंत कुनी अडवू नये. तरी कंधारच्या फुडं अडवलंच. हवालदारानं माझ्या गाडीत वाकून बघितलं, पेटी खाली. म्हनला, मयत कुठाय? म्हनलं, मागच्या गाडीत. फुडल्या सीटवर. त्याला वाटलं मी मस्करी करून राहिलो. गेला बॅटरी घिऊन. अम्माला बघितलं. आन टोपी काढली त्यानं."

नांदेडला दारात एक मुलगी उभी होती, असंही ते म्हणाले. वसतिगृहातून धावत आलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हणजे तू. तिथल्या डॉक्टरांनी अव्वाला तसंच बसलेलं आत नेलं. म्हणाले, बळजबरी केली नाहीत ते बरं केलंत, परवापर्यंत सैल पडतील. चन्नूनं तिच्या तळहातावरचं लिंग काढून रुमालात बांधलं. मकबूलभाईंना म्हणाला, खणलेला खड्डा रिकामा बुजवत न्हाईत आमच्यात. ह्ये सकाळी मातीत ठेवतो, म्हंजे अव्वा दोन्हीकडं पोचली.

ताजा उंचवटा. बेल. झेंडू. मी तो तपासत होतो, तेव्हा चन्नू रात्रभर गाडी चालवून आलेला होता आणि अंगणात बसून माझीच वाट बघत होता.

"ह्येच सांगायला दुसऱ्या दिवशी फोन केला साब," मकबूलभाई म्हणाले. "तुम्ही ठिवला."

"मग परत का नाही केलात?"

"केला की. तुम्ही सभेत व्हता."

संशयाची सवय कशी असते बघ. परत येताना एसटीत मी मकबूलभाईंवरही संशय घेऊन पाहिला. चन्नूनं पढवलं असेल? पैसे दिले असतील? अर्ध्या वाटेपर्यंत मी ती उलटतपासणी चालवली. मग हवालदाराची टोपी आठवली. असलं कुणी पढवून येत नाही.

ते स्नायूंचं पान तू मला मुद्दाम लिहिलं होतंस. अव्वा बसून का गेली, ते मला समजावं म्हणून. मी त्याचा फास केला. पत्रातली शेवटची ओळ मी धमकी समजलो, ती विनवणी होती. तुझ्या अप्पानं तुलाही आणि भाऊबंदांनाही गप्प बसवलं असेल, की अण्णानं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मला तो ओळखतो. कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं, तर त्यातही मी खोट काढली असती.

देहदानाबद्दल माझं मत तेच आहे आणि मरेपर्यंत तेच राहील. जंगम, मुहूर्त, खड्डे यांवर मी बोलत राहीन. पण त्या रात्री अव्वाला नांदेडला पोचवलं कुणी? ज्याला ते पटत नव्हतं, त्यानं. ज्याला पटत होतं, तो टाळ्या घेत होता.

तुला मी हेरगिरीला लावलं, आजीच्या बोटांवर. जे उत्तर तू दिलंस, तेच बरोबर होतं. या पत्राचं उत्तर देऊ नकोस. अभ्यास कर.

तुझा काका


लातूर,
६ जानेवारी २०२५

चन्नू,

बारा तारखेला कुणी येणार नाही. अर्ज मागे घेतला. पत्रकारांना मीच फोन करून सांगितलं, की माझी आई नांदेडला पोचलेली आहे, संशय माझा होता आणि तो खोटा होता. ज्यांना छापायचं ते छापतील. दूध आणू नकोस.

मी मकबूलभाईंना भेटून आलो, हे लपवत नाही. पण त्यांना जे ठाऊक आहे ते गाडीबाहेरचं. आतलं तुलाच ठाऊक.

मी विचारतो.

अव्वाला वसरीवरून कुणी उचललं? तिचा डावा गुडघा पावसाळ्यापासून सुजलेला होता; त्या बाजूला हात कुणी घातला? कंधारच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथं तिचा तोल सांभाळायला सुकन्याची आई पुरली का, की तू एका हातानं गाडी चालवलीस? तिच्या बाजूची काच वर होती की खाली? तिला उघड्या खिडकीचं वारं आवडायचं. मकबूलभाई म्हणतात, हवालदाराच्या बॅटरीच्या उजेडात तुझे ओठ हलताना दिसत होते. अव्वाशी बोलत होतास? की मला शिव्या देत होतास? दिल्या असशील तर त्या मला सांग. तिथं तिला एकटीला सोडून निघताना पाय उचलला कसा? परतीच्या वाटेवर ती सीट मोकळी होती, की सुकन्याची आई पुढं येऊन बसली?

मी फोन बंद करून बसलो होतो, तेव्हा तू तिला काय सांगितलंस? अण्णा येतोय म्हणालास? शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलास?

लिहून पाठवू नकोस, तुला लिहायचा कंटाळा आहे. रविवारी मी एकटा येतो. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरेन. घ्यायला यावंसं वाटलं तर बोलेरो घेऊन ये. नाही वाटलं तर चालत येईन, वाट माहीत आहे.

आलास, तर मी मागच्या सीटवर बसेन.

बसवंत